मुलांची इमर्जन्सी आणि रात्रभर जागे असलेले डॉक्टर-सिस्टर: 'ताणमुक्ती शिबिरा'ने काय होणार?

कडू_काढा (धागालेखक)

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या रेसिडेंट मुलांनी त्यांच्याकडे लागलेल्या नोटिशीचा फोटो कायप्पावर (व्हॉट्सअ‍ॅपवर) पाठवला. 'निवासी डॉक्टरांसाठी ताणमुक्ती शिबिर. रविवार, सकाळी ७. उपस्थिती अनिवार्य.' बालरोग विभागातल्या निम्म्या पोरांची शनिवारी इमर्जन्सी. म्हणजे रात्रभर कॅज्युअल्टी, सकाळी प्राणायाम आणि तिथून थेट राऊंड. सही करणाऱ्या साहेबांना यात काही वावगं वाटलं नसावं.

हसून सोडून दिलं असतं, पण मी स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे, खानदेशात तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवतो, आणि एक गोष्ट बरीच वर्षं डोक्यात आहे. कर्मचाऱ्यांची झोप, जेवण, मन:स्थिती हे सगळं 'कल्याण' नावाच्या फायलीत असतं. मुलांवरचे उपचार नीट होतात का, हे 'गुणवत्ता' नावाच्या दुसऱ्या फायलीत. दोन फायली, दोन समित्या, दोन वेगळे चहा-बिस्किटांचे खर्च. प्रत्यक्षात हा विषय एकच आहे, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो मुलांच्या इमर्जन्सीत.

का, ते सांगतो. मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत बरेचसे डोस ठरलेले असतात. एक अँप्युल, अर्धी अँप्युल, चला. मुलांमध्ये प्रत्येक थेंब वजनावर. समजा वर्षाचं, नऊ किलोचं बाळ आकडीत असतानाच आईच्या खांद्यावरून आत आलं. शिरेतून मिडाझोलाम द्यायचं तर किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.९ मिलिग्रॅम. आता हे औषध दोन ताकदींत मिळतं. एकात मिलिलीटरला १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात मिलिलीटरला ५. पहिलं असेल तर सिरिंजमध्ये ०.९ मिली भरायचं, दुसरं असेल तर जेमतेम ०.१८. ट्रेमधून दुसरी बाटली उचलली गेली आणि हात सवयीने ०.९ वर थांबला, तर बाळाला पाचपट डोस गेला. आकडीही थांबेल आणि श्वासही. अ‍ॅड्रेनॅलिनचं तसंच. हृदय थांबलेल्या मुलाला ते दहापट पातळ करून द्यायचं; पातळ करायचं राहिलं की डोस दहापट. (आकडे फक्त विषय कळावा म्हणून दिलेत, घरी कोणी काही करू नये.)

गणित चौथीतलं आहे. पण ते करायचं असतं पहाटे साडेतीनला, शीर सापडत नसताना, आजी दंड धरून 'काहीतरी करा हो' म्हणत असताना, आणि आदल्या सकाळी आठपासून उभं असताना.

२००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या तीन बालरुग्णालयांमधल्या १२३ रेसिडेंटचा अभ्यास आला होता. पाचातला एक नैराश्यात, चारातले जवळपास तीन बर्नआऊट (कामाने पार पिळून निघालेले). नैराश्यात असलेल्यांच्या हातून औषधांच्या चुका इतरांच्या सहा पटींहून जास्त. मात्र नुसते बर्नआऊट झालेले जास्त चुकत नव्हते! मी त्यातून एवढंच घेतो की दमलेला माणूस दातओठ खाऊन काम ओढून नेतो, आतून खचलेल्याचा हात चुकतो. आणि आपण दोघांना एकाच शिबिरात बसवतो.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. डॉक्टर, सिस्टर, आईबाप, सगळ्यांनी. 'योगा करा' एवढं सोडून. त्याची नोटीस आलेली आहे.

स्पष्टवक्ता

आलं का पुन्हा डॉक्टरांचं रडगाणं! ट्रकवाला दमत नाही? पोलीस दमत नाही? एसटीचा ड्रायव्हर रात्रभर गाडी हाकतो, त्याच्या मागे पन्नास जीव असतात. तो धागे काढतो का? आमच्या गावचे बालरोगतज्ज्ञ दुपारी एक ते पाच शटर ओढून झोपतात. बेल वाजवली तर कंपाउंडर अंगावर येतो.

कडू_काढा

@स्पष्टवक्ता, उदाहरण फार चांगलं दिलंत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. केला तो कामगारांसाठी, पण फायदा गाडीतल्या पन्नास जिवांनाही. तो कायदा किती पाळला गेला हा वेगळा धागा होईल, पण ड्रायव्हर झोपलेला असावा हे प्रवाशाच्या हिताचं आहे, एवढं आपण १९६१ मध्येच मान्य केलं.

दुपारच्या शटरबद्दल: मीही ओढतो. रात्री दोनला दार उघडायचं असतं म्हणून.

माजी_मार्ड

नियमांची गोष्ट निघालीच आहे तर. रेसिडेंटसाठीही नियम आहे. १९९२ चं केंद्रीय निवासी योजनेचं परिपत्रक म्हणतं, सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला ४८ तास. तेव्हा जन्मलेली पोरं आता लेक्चरर होऊन नव्या पोरांना ३६ तासांच्या इमर्जन्सी लावतायत. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही. 'वाजवी' तास काम आणि 'वाजवी' विश्रांती. वाजवी म्हणजे किती, हे युनिट हेड ठरवणार. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या कृतिदलाने अहवाल दिला: आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, एक दिवस सुट्टी हवी, सात-आठ तास झोप हवी. पाहणीत ४५ टक्के पदव्युत्तर विद्यार्थी ६० तासांच्या वर काम करत होते आणि निम्म्याहून अधिकांना नियमित साप्ताहिक सुट्टी नव्हती. म्हणजे ४८ वरून आपण ७४ वर आलो, आणि त्याला सुधारणा म्हणायचं.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात. सगळा महाराष्ट्र हादरला. मग काय झालं? एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. त्याने वॉर्मर (नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं) किती वाढले? नर्स किती भरल्या? व्हिडिओ मात्र घरोघरी पोचला. त्या रात्री ज्यांनी ड्युटी केली, त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर कोणत्या तोंडाने पाठवलं असेल, हे कोणी विचारलं नाही.

धुळ्याची घटनाही विसरू नका. मार्च २०१७, ऑर्थोच्या निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी मारलं, एका डोळ्याची दृष्टी गेली. राज्यभर रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा त्याआधीच, २०१० पासून होता.

सिस्टर_नाईट

धागा छान, पण डॉक्टर किती वेळा आलंय आणि सिस्टर किती वेळा ते मोजा जरा.

मी जिल्हा पातळीवर बालरोग वॉर्ड आणि नवजात कक्ष दोन्हीकडे काम केलंय. डॉक्टर ऑर्डर लिहितात. नऊ किलोचं गणित शेवटी सिरिंजमध्ये भरते ती मी. रात्री आम्ही दोघी. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं, कारण 'नाही' म्हणायचं कुणाला? तेवढ्यात एकाला ऑक्सिजन लागतो, एकाची सलाईन बाहेर येते (दीड किलोच्या बाळाची शीर पुन्हा शोधून बघा एकदा), एकाच्या आईला दूध पाजायला बसवायचं असतं, आणि फोनवर विचारणा, 'रेफर येतंय, जागा आहे का?' इंडेंट (औषध-सामानाची मागणी) भरायचा, रजिस्टर भरायची, ऑनलाइन नोंदी करायच्या. बाळाकडे बघायचं उरलेल्या वेळात. डबा उघडते तेव्हा चार वाजलेले असतात आणि भाजीला वास सुटलेला असतो. पाणी मुद्दाम कमी पिते, कारण बाथरूमला जायचं तर वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडू? पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना सांगायला नको.

सगळ्यात धोक्याची वेळ विचाराल तर रात्र नाही, सकाळची ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंट सोपवणं. आठ वाजता ओव्हर द्यायची असते, घेणारीला आल्या आल्या राऊंडची घाई, देणारीला बस पकडायची. 'चार नंबरचं ठीक आहे, सहा नंबरला बघ जरा.' काय बघ? शुगर बघ, की ताप बघ, की आई पाजत नाही ते बघ? तेवढं एक वाक्य राहिलं की सहा नंबर दुपारी गार पडलेलं सापडतं.

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१, रात्री नवजात कक्षात आग लागली. १७ बाळं होती, १० गेली, ७ वाचवली. चौकशी झाली, निलंबनं झाली, आणि पुढच्या महिन्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. कोणाचं काय चुकलं ते कोर्ट बघेल. पण त्यानंतर नाईटला कक्षात शिरताना आमच्यातल्या प्रत्येकीची नजर आधी वायरिंगकडे जाते. बाळाकडे मग.

मनमोकळी_मनू

सिस्टरताई, दंडवत. धागा वाचनखुणेत साठवला.

वैतागलेला_बाप

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. राग आला तर येऊ द्या.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना रात्री अचानक घोगरा, भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना घर्रघर्र. एका मोठ्या हॉस्पिटलात नेली (नाव घेत नाही). डॉक्टरने मान वर न करता विचारलं, 'काल का नाही आणलं?' काल ती बागेत खेळत होती! मी सांगायला लागलो तर 'तुम्ही बाहेर थांबा'. तिची आई आत, मी काचेबाहेर. काय झालंय, काय देताय, कोणी एक शब्द सांगितला नाही. मी आवाज चढवला तर सिक्युरिटी आली. वाफेचं मशीन लावलं, औषध पाजलं, सकाळपर्यंत बरी झाली. बिल भरून घरी आलो.

त्या डॉक्टरला किती तास झाले होते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला काय करायचंय? मी माझी पोर आणली होती. त्याची झोप बघायचं काम त्याच्या मालकाचं.

कडू_काढा

शेवटचं वाक्य सोळा आणे खरं. मालकाचंच काम. माझं म्हणणं तेच आहे की मालक ते करत नाही आणि त्याचा चटका तुम्हाला बसला.

त्या रात्री तुम्हाला मिळालेलं बोलणं समर्थनीय नाही. पण इथे एक संशोधन सांगण्याजोगं आहे. इस्रायलमध्ये २०१५ साली नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ पथकांना एक बनावट केस दिली, आतड्याला सूज येऊन अचानक बिघडलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ. निम्म्या पथकांना मध्येच एका 'परदेशी तज्ज्ञा'कडून अपमानास्पद शेरे ऐकवले. शिवीगाळ नाही, नुसती तुच्छता. त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. २०१७ मध्ये त्याच गटाने पुन्हा प्रयोग केला, तेव्हा बाळाच्या आईची भूमिका करणारीने टोमणे मारले. तोच परिणाम. एकमेकांना माहिती देणं, मदत मागणं कमी होतं.

वैतागलेला_बाप

म्हणजे माझ्या ओरडण्याने माझ्याच पोरीच्या जिवाला धोका होता, असं म्हणायचंय का डॉक्टर तुम्हाला?

सिस्टर_नाईट

नाही हो दादा. पहिला टोमणा तुम्हाला मिळाला होता, 'काल का नाही आणलं' हा. तो तुम्हाला लागला, तुमचं ओरडणं त्यांना लागलं. मधे पोर.

यावर आमच्याकडे एक गोष्ट चालते. सीरियस मूल आलं की एक माणूस नातेवाइकांसाठी ठेवायचा. बाकीचे मुलाभोवती. त्याने दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन दोन वाक्यं सांगायची: 'शीर मिळाली, औषध सुरू झालंय. श्वास चालू आहे, अजून अर्धा तास बघू.' बस. आईला मात्र आतच ठेवायची, मुलाच्या डोक्याशी. तिला बाहेर काढलं की मूलही बिथरतं. तुमच्या मुलीला जे झालं होतं त्यात तर रडवायचंच नसतं, रडलं की श्वासनलिका आणखी आवळते.

आता बाहेर येणारा हा माणूस कुठून आणायचा? आमच्याकडे ते काम मावशी करतात. पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे 'सफाई' लिहिलेलं आहे.

वैतागलेला_बाप

मावशींना माझा नमस्कार सांगा. आमच्या वेळी कोणी तेवढंही केलं असतं तर मी गप बसलो असतो.

लीड्सकर

इकडचं थोडं. (मी बालरोगात आहे, पुण्याहून आलो.) इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका, कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पेशंट इथेही असतात आणि ज्युनियर डॉक्टरांचे संप तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

पहिली: अँब्युलन्सचा फोन आला की मूल पोचण्याआधीच फळ्यावर सगळं लिहिलं जातं. वजन, शॉकचे ज्यूल, नळीचा नंबर, सलाईन किती, आकडीचं औषध किती, अ‍ॅड्रेनॅलिन किती, ग्लुकोज किती. आद्याक्षरं जोडून त्याला 'वेटफ्लॅग' म्हणतात. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि मग मोठ्याने वाचायचं. मूल दारातून येतं तेव्हा कोणी गणित करत नसतं, फळ्याकडे बघत असतं. खर्च: एक मार्कर.

दुसरी थोडी वेगळी. २०२१ मध्ये लंडनमध्ये मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी जंतुसंसर्गाने गेली. तिचं बिघडतंय असं आईवडील सांगत होते, ऐकलं गेलं नाही. त्यांनी लढून 'मार्थाज रूल' आणवला, २०२४ पासून तो इंग्लंडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत लागू झाला. आईबापाला वाटलं की मूल बिघडतंय तर ते थेट दुसऱ्या पथकाला बोलावू शकतात. सुरुवातीला आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, कामात काम. मला स्वतःला उलट वाटतं. रात्री माझी नजर बधिर झाली असेल तर आईची नजर जागी असते. @वैतागलेला_बाप, तुम्हाला हा रस्ता असता तर आवाज चढवायची वेळ आली नसती.

सायरन_१०८

मेळघाटातून. १०८ वर काही वर्षं आहे, बीएएमएस. ही सेवा राज्यात २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. गाडीत डॉक्टर असतो हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, 'ड्रायव्हर, जल्दी चल' एवढंच.

धारणीहून अमरावती म्हणजे घाटाचा रस्ता, तीन-चार तास. दीड-पावणेदोन किलोचं बाळ असलं की यंत्रं बाजूला ठेवा, पहिलं काम ऊब. टोपी, मोजे, बाळ आईच्या किंवा आजीच्या छातीशी उघड्या अंगाला बांधायचं, वरून घोंगडी. गार पडलेलं बाळ पोचवलं तर पुढचा डॉक्टर कितीही शहाणा असो, निम्मी लढाई गेलेली असते. ग्लुकोज वाटेत दोनदा बघायचं.

पण आम्हाला खरा ताण घाटाचा नाही, गेटचा आहे. पोचलो की 'बेड नाही, पुढे न्या'. पुढे म्हणजे नागपूर! बाळ माझ्या गाडीत, ऑक्सिजनचा काटा खाली येतोय, नातेवाईक माझ्याकडे बघतायत आणि आतला रेसिडेंट माझ्यावर चिडतोय, कारण त्याच्याकडे खरंच जागा नाही. त्याचाही दोष नाही. निघतानाच फोनवर पक्कं कळलं असतं तर दोघांचीही भांडणं वाचली असती. आता मी निघण्याआधी स्वतः फोन करतो, वजन, तापमान, शुगर सांगतो. ज्या रात्री पलीकडून 'या, वॉर्मर गरम करून ठेवतो' असं ऐकू येतं, त्या रात्री घाट अर्धा वाटतो.

निवृत्त_महाडकर

मी औषधनिर्माता होतो, रायगडात. डॉ. हिम्मतराव बावसकरांचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात विंचूदंशाने पोरं पटापट जायची. गंभीर दंशाच्या दहा रुग्णांतले तीन-चार दगावत. घाम, थंडगार हातपाय, छातीत पाणी, आणि डॉक्टर हतबल. ते एकेका रुग्णाजवळ बसून राहिले, नाडी-रक्तदाब टिपत राहिले आणि ओळखलं की विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. मग प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. दंशाच्या लक्षणांवरचं त्यांचं काम १९८२ सालीच लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं होतं. आज वेळेत गोळी मिळाली तर शंभरात एखाददुसरा जातो. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यात जाणवतं ते असं. गोळी येण्याआधी विंचवाचं मूल म्हणजे आख्ख्या केंद्राची रात्र जायची आणि सकाळी बहुधा प्रेत. गोळी आल्यावर तेच मूल सकाळी चहा-बिस्कीट मागायचं. डॉक्टरला ताणमुक्ती शिबिर लागलं नाही, उपचार सापडला. आपल्या हातून मूल वाचतं, हे कळलं की माणूस जागरण सोसतो. आपण काहीही केलं तरी ते जाणारच, हे सोसवत नाही.

आकडेमोड

धागालेखकांनी २००८ चा अभ्यास दिला, २०२० चा दिला नाही. मी देतो, कारण तो गैरसोयीचा आहे.

अमेरिकेतल्या सहा बाल-अतिदक्षता विभागांत प्रयोग केला. एका वेळापत्रकात २४ तास किंवा जास्त सलग ड्युट्या, दुसऱ्यात त्या बंद करून छोट्या पाळ्या. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अपेक्षा अशी की छोट्या पाळ्यांत चुका कमी होतील. निघालं उलटं! छोट्या पाळ्यांत गंभीर चुका दीडपट. मग? तास कमी करा म्हणणाऱ्यांचं काय?

माजी_मार्ड

हा अभ्यास आता प्रत्येक अधिष्ठात्याच्या खिशात जाणार. धन्यवाद हां.

कडू_काढा

नाही, चांगलं केलंत. पुढचं पानही वाचू. त्याच गटाने २००४ साली मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात इंटर्नवर केलेल्या प्रयोगात लांब ड्युट्यांत गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत्या. मग २०२० मध्ये उलटं का? कारण पाळ्या छोट्या केल्या, माणसं तेवढी वाढवली नाहीत. लांब ड्युट्यांत एका रेसिडेंटकडे सरासरी पावणेसात मुलं होती, छोट्या पाळ्यांत जवळपास नऊ. दर डोक्यामागच्या मुलांचा हिशेब धरल्यावर तो फरक उरला नाही.

म्हणून 'तास कमी करा' ही अर्धी मागणी आहे, हे मला मान्य. जागा न भरता तास कमी केले तर तेच काम कमी हातांत पिळलं जातं. आपल्याकडे कुठल्याही वॉर्डात हे करून बघा, मुलं पावणेसात वरून नऊ नाही, पंधरावरून पंचवीस होतील. आणि पाळ्या वाढल्या की ओव्हर वाढतात. सिस्टरनी वर लिहिलेला 'सहा नंबरला बघ जरा' दिवसातून दोनदाऐवजी तीनदा.

ओव्हरवर उपाय आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. २०१४ साली उत्तर अमेरिकेतल्या नऊ बालरुग्णालयांत रेसिडेंटच्या ओव्हरला ठरलेला साचा दिला. आजार किती गंभीर, थोडक्यात हकिकत, काय करायचं राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारख्या इजा ३० टक्क्यांनी. आणि वेळ वाढला नाही. 'सहा नंबर, दोन किलो, पाचला शुगर ४२ होती, दहा टक्के ग्लुकोज दिलं, नऊला पुन्हा बघायची, पुन्हा ४५ खाली आली तर ड्रिप वाढवायला डॉक्टरांना बोलवायचं.' एवढंच.

स्पष्टवक्ता

हे पटलं. शटरचं नाही पटलं.

मनमोकळी_मनू

धागालेखक, तुम्ही नैराश्याच्या आकड्याने सुरुवात केलीत आणि मग सगळे वेळापत्रकात अडकलो. जो खचलाय त्याने काय करायचं? माझा भाचा रेसिडेंट आहे. शिबिरात सरांसमोर बसून तो 'मला झोप लागत नाही, मरावंसं वाटतं' असं म्हणेल का? तेच सर त्याची थिसिस सही करणार.

कडू_काढा

नाही म्हणणार, आणि म्हणूही नये अशीच बहुतेक ठिकाणची परिस्थिती आहे. विभागाबाहेरचा, परीक्षेशी काडीचाही संबंध नसलेला माणूस हवा. तोवर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. भाच्याला नंबर आजच पाठवा, आणि नुसता नंबर नको, एकदा जाऊन भेटा. हॉस्टेलवर डबा घेऊन. 'मरावंसं वाटतं' असं तो खरंच म्हणाला असेल तर आजच, आणि त्याला एकट्याला ठेवू नका.

आणि मूल गेल्यानंतरची वीस मिनिटं. याबद्दल कोणी लिहिलं नाही. मूल दगावलं की पेपर लिहायचे, नातेवाइकांना सांगायचं, आणि पुढचं ताप आलेलं पोर टेबलवर. मधे काही नाही. माझ्या हॉस्पिटलात आम्ही एक साधी गोष्ट करतो: सगळे, मावशीसुद्धा, आतल्या खोलीत बसतात, चहा येतो, काय झालं ते जो तो आपल्या तोंडाने सांगतो. कोणाचं चुकलं ते त्या दिवशी नाही. ते नंतर, कागदावर. त्या वीस मिनिटांत ओपीडी थांबते. लोक कुरकुरतात, कळलं की थांबतात.

सिस्टर_नाईट

सरकारीत ओपीडी थांबवून दाखवा! पण ओव्हरचा तुमचा साचा मी मराठीत लिहून काढते. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला तर नव्या मुलींना उपयोगी पडेल. लीड्सकर, तुमच्या फळ्याचा तक्ता द्याल का? एक ते पंधरा किलोपर्यंत प्रत्येक वजनाला सगळे डोस मिलीमध्ये काढून ठेवता येतील. वजन बघायचं आणि ओळ वाचायची.

लीड्सकर

देतो, पण जसाच्या तसा लावू नका. तुमच्याकडे अँप्युल कोणत्या ताकदीची येते त्यावर मिली बदलतील. आणि ती उंचीवरून वजन सांगणारी रंगीत टेप कोणी सुचवली तर जपून. दहा किलोच्या पुढे आपल्याकडच्या मुलांचं वजन ती जास्त सांगते. शक्य तिथे काट्यावरच.

निवृत्त_महाडकर

आणि ताकदीचा घोळ मुळातच ठेवू नका. बालरोगाच्या ट्रेत मिडाझोलामची एकच ताकद, १ मिलिग्रॅमची. पाचवाली स्टोअरला परत. दोन्ही ठेवावीच लागली तर वेगळ्या खणात, लाल पट्टी लावून. अ‍ॅड्रेनॅलिनशेजारी पातळ करायची सलाईन आणि दहा मिलीची सिरिंज एकत्र बांधून ठेवायची. हे फार्मसीवाल्याला दुपारी जागेपणी करता येतं, डॉक्टरला पहाटे कशाला?

कडू_काढा

@निवृत्त_महाडकर, माझ्याच ट्रेत आत्ता दोन्ही आहेत, जाऊन बघून आलो. पाचवाली उद्या परत करतो. सिस्टर, तक्ता झाला की इथेच टाका. मी आणि लीड्सकर वेगवेगळे बसून प्रत्येक ओळ मोजतो, दोघांचं जुळलं तरच छापू.

सायरन_१०८

गाडीसाठी एक लहान प्रत पण काढा. लॅमिनेट करून. घाटात लाइट नसतो, अक्षर मोठं ठेवा.